ड्रॅक्युलाच्या चुका

आमच्या स्नेह्यांत एक डॉक्टर आहेत. त्यांना भुताखेतांची भीती वाटत नाही. चुकीच्या रक्तगटाची वाटते. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी मी त्यांना आग्रहाने वाचायला दिली. चार दिवसांनी पुस्तक परत करायला आले तेव्हा ते चांगलेच तापलेले होते.

"अहो, त्या लूसीला ड्रॅक्युलानं नाही मारलं, तुमच्या त्या व्हॅन हेल्सिंगनं मारलं! चार निरनिराळ्या पुरुषांचं रक्त त्या पोरीच्या अंगात ओतलं, आणि गट तपासला का एकाचा तरी?"

"डॉक्टर, पुस्तक १८९७ सालचं आहे," मी म्हटले. "रक्ताचे गट लँडश्टायनरनं जगापुढं मांडले ते १९०१ साली. स्टोकरनं ते आणायचे कुठून?"

"ते ठीक आहे हो. पण मग चारही वेळा तिला ते रक्त मानवलं कसं?"

मला हसू आवरेना. कादंबरीतला सरदार पेटीत मातीवर निजतो, वटवाघूळ होऊन उडतो, किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखा डोके खाली करून उतरतो, आरशात दिसत नाही. हे सारे डॉक्टरांनी मुकाट्याने गिळले होते. अडले ते रक्तगटापाशी. भुताला सगळे माफ. वैद्याला मात्र नाही!

पण विचार करू लागलो तेव्हा डॉक्टरांचे मला पटले. या वाचकाला चिकित्सक बनवले कोणी? खुद्द स्टोकरने. त्याने गोष्ट सरळ सांगितलीच नाही. रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणे, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही अशा कागदांची चळत त्याने वाचकापुढे ठेवली आहे. पहिल्याच पानावर जोनाथन हार्कर हा तरुण वकील म्यूनिकहून निघालेली गाडी एक तास उशिरा पोचल्याची नोंद करतो. रक्त पिणाऱ्या पिशाचाच्या गोष्टीत गाडीच्या उशिराचे काय काम? काम आहे. गाडी खरी वाटली की पिशाचही खरे वाटते. परंतु असे तारखावार कागद हाती दिले की वाचक कोर्टातला कारकून होतो आणि एकेक कागद उलटसुलट करून पाहू लागतो.

स्टोकर हा स्वभावाने टिपणे ठेवणारा माणूस. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा तो व्यवस्थापक. हेन्री अर्व्हिंगसारख्या लहरी नटसम्राटाचे दौरे, हिशेब, पत्रव्यवहार त्याने वर्षानुवर्षे सांभाळले. ट्रान्सिल्व्हेनिया त्याने जन्मात पाहिला नाही. तो सारा प्रदेश पुस्तकांतून आणि नकाशांतून उभा केला. १८९० च्या उन्हाळ्यात तो व्हिटबी या बंदरगावी हवापालटासाठी गेला, तर तिथेही थडग्यांवरची नावे उतरून घेत आणि फुटलेल्या जहाजांच्या कथा विचारीत हिंडला. 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला तिथेच, विल्किन्सनच्या एका जुन्या पुस्तकात सापडले. त्याच्या हातची ही टिपणे आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. आणि इतकी काळजी घेऊनही चुका राहिल्याच.

व्हॅन हेल्सिंगचेच पाहा. हा पंडित ॲम्स्टरडॅमचा, म्हणजे जातिवंत डच. पण घाबरला किंवा चकित झाला की त्याच्या तोंडून देवाचे नाव निघते ते जर्मन भाषेत! ठेच लागल्यावर मराठी माणसाने कानडीत 'आई ग' म्हणावे, तशातला हा प्रकार.

सालाचा घोळ त्याहून गमतीचा. कथा कोणत्या वर्षी घडते हे स्टोकरने कुठे स्पष्ट सांगितलेले नाही. पण सप्टेंबरअखेरच्या एका संभाषणात व्हॅन हेल्सिंग शार्को या फ्रेंच वैद्याचे नाव काढतो आणि तो आता हयात नाही म्हणून हळहळतो. शार्को वारला १८९३ च्या ऑगस्टमध्ये. स्टोकरच्या टिपणांतले वार आणि तारखाही १८९३ च्या पंचांगाशी जुळतात. चला, साल ठरले! पण शेवटच्या पानावर हार्कर म्हणतो की या घटनांना आता सात वर्षे झाली. म्हणजे १९००. आणि पुस्तक दुकानांत आले १८९७ च्या मे महिन्यात! पुस्तक विक्रीला आले तेव्हा त्याचा शेवट घडायला अजून तीन वर्षे अवकाश होता.

वाचक सर्वांत जास्त भांडतात ते सरदाराच्या मरणावरून. पिशाच मारायचे तर छातीत लाकडी मेख ठोकायची आणि मुंडके उडवायचे, हा व्हॅन हेल्सिंगचा दंडक. लूसीच्या बाबतीत तो तंतोतंत पाळलेला आहे. खुद्द ड्रॅक्युलाला मात्र मेख नाहीच. हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते, अमेरिकन क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात घुसतो, आणि सूर्य बुडता बुडता त्याची धूळ होते. गुरख्यांची कुकरी एक्झिटरच्या वकिलाच्या हाती आली कशी, हे स्टोकर सांगत नाही. शिवाय पिशाच चांदण्यातून धूळ होऊन येऊ शकते, असे व्हॅन हेल्सिंगनेच आधी बजावलेले असते. मग तो मेला, की धूळ होऊन निसटला? आमच्या वाचनमंडळात या प्रश्नावर एकदा चहाचे दोन फेरे झाले आणि निकाल लागला नाही.

पण चुका काढणाऱ्यानेही जपून असावे. पहिल्याच प्रकरणात खानावळवाली म्हातारी हार्करच्या विनवण्या करते की उद्या सेंट जॉर्जचा सण, आज रात्री जाऊ नका. तारीख आहे ४ मे. इंग्लंडात हा सण २३ एप्रिलला येतो. चूक सापडली म्हणून टाळी वाजवावी, तर फसलोच म्हणून समजा. त्या मुलखात सणवार जुन्या पंचांगाने चालत, आणि एकोणिसाव्या शतकात दोन पंचांगांत १२ दिवसांचे अंतर होते. २३ एप्रिलमध्ये १२ दिवस मिळवा. येते ५ मे. म्हातारीचे बरोबर होते.

दुसरी तक्रार हटकून येते: "ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत भरदिवसा हिंडतो. हे कसं शक्य आहे? उन्हानं पिशाच मरतं ना?" मूळ पुस्तकात मरत नाही. दिवसा त्याची शक्ती कमी होते, इतकेच. उन्हाने मरण्याचा नियम आणला 'नोस्फेराटू' या १९२२ च्या जर्मन चित्रपटाने. तो चित्रपट स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेताच काढलेला होता. तिने दावा लावला, आणि त्याच्या प्रती नष्ट कराव्यात असा हुकूम कोर्टाने १९२५ साली दिला. काही प्रती वाचल्या. चित्रपट कोर्टात हरला. पण त्याने केलेला कायदा आज मूळ पुस्तकावर लागू केला जातो!

एक हरकत मात्र आपण मराठी वाचकांनी घ्यायलाच हवी. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली आपल्या वेताळकथा इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाचे नाव ठेवले 'विक्रम अँड द व्हँपायर'. झाले, बिचारा वेताळ रक्तपिपासू ठरला. आपला वेताळ झाडावर लोंबकळतो, प्रेतात शिरतो, कोडी घालून राजाला जेरीस आणतो. पण त्या पंचवीस गोष्टींत राजाच्या मानेला तो दात लावीत नाही. कोकणात आरवलीला तर तो वेतोबा होऊन गावाची राखण करतो, आणि फिरून फिरून पायताणे झिजतात म्हणून भाविक त्याला मोठमोठ्या चपला वाहतात. गंमत अशी की स्टोकर आणि बर्टन एकमेकांना भेटलेले होते. अर्व्हिंगच्या आठवणी स्टोकरने १९०६ साली प्रसिद्ध केल्या, त्यांत बर्टनच्या सुळ्यांचे वर्णन त्याने मोठ्या आवडीने केले आहे. वेताळाला सुळे चिकटवणाऱ्याचेच सुळे कादंबरीकाराच्या मनात घर करून राहिले!

त्या वेताळाची अट आठवते ना? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकले होतील. चुका काढणारा वाचक हा असा शापित विक्रम आहे. दिसली की बोललीच पाहिजे! लोक त्याला किडे काढणारा म्हणतात. मला तो पुस्तकाचा खरा आप्त वाटतो. पाहुणा जेवून 'छान' म्हणतो आणि जातो. आमटीत मीठ कमी आहे हे घरचाच माणूस सांगतो.

न वाचता डोलणाऱ्यांची तऱ्हा पाहायची असेल तर आइसलंडात जावे. तिथे १९०१ साली 'ड्रॅक्युला'चे भाषांतर निघाले. त्याला स्टोकरच्या नावची प्रस्तावना होती. ती पुढे १९८६ साली इंग्रजीत आली, आणि पंडितांनी तिच्यावर समाधान मानले. पुस्तक उघडून मुळाशी ताडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. हान्स द रोस या डच संशोधकाने ती २०१४ च्या सुमारास घेतली तेव्हा कळले, की ही कादंबरीच निराळी आहे! त्याचे इंग्रजी भाषांतर २०१७ साली आले आणि स्वीडनच्या जाणकारांनी पुढचा धागा दाखवला: ही निराळी कथा त्याआधीच, १८९९ पासून, स्वीडिश वर्तमानपत्रांत क्रमशः छापली गेली होती. शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तक कपाटात होते. नाव सगळ्यांना ठाऊक होते. वाचले नव्हते कोणी.

आमच्या मंडळात एक शिक्षिकाबाई येतात. पंचवीस वर्षे वह्या तपासलेल्या. शार्को, कुकरी, जर्मन देव हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "या सगळ्या शुद्धलेखनाच्या चुका झाल्या. खरी चूक तुम्ही कोणी सांगितलीच नाहीत."

त्यांनी सांगितली ती चूक अशी. हार्करची बायको मीना ही शाळेत शिकवणारी, लघुलेखन जाणणारी. सगळ्यांच्या रोजनिश्या आणि पत्रे टंकून, तारखांप्रमाणे लावून तीच तो सारा पुरावा उभा करते. तिच्यामुळेच त्या पुरुषांना शत्रू कोण ते नीट कळते. आणि कळल्याबरोबर ते काय करतात? बाईमाणसाला हे झेपायचे नाही, म्हणून तिला मसलतीतून वगळतात आणि रात्री तिला एकटी ठेवून पिशाचाच्या शोधाला बाहेर पडतात. पिशाच त्याच घरात, तिच्या खोलीत येऊ लागते. ती फिकट पडते, जड झोपेतून उठत नाही, दिवसा मलूल असते. नवरा हे पाहतो, रोजनिशीत लिहितोदेखील. आणि काळजीने दमली असेल म्हणून सोडून देतो. धुक्याचे नि लाल डोळ्यांचे स्वप्न तीही कोणाला सांगत नाही. उगाच त्यांना घोर नको म्हणून!

"लूसीची हीच लक्षणं त्या सगळ्यांनी आधीच वाचली होती," बाई म्हणाल्या. "दोन डॉक्टर घरात! वाचलं सगळ्यांनी, दिसलं एकालाही नाही. मी तर पुस्तकावर ओरडले, अहो, तिच्या तोंडाकडे बघा!"

खोलीत कोणी बोलेना. कोणीतरी हळूच विचारले, "पण ही चूक लेखकाची, की त्या माणसांची?"

माझ्या मते लेखकाने ती समजून-उमजून घातली आहे. मीनाची रोजनिशी तिच्या नवऱ्याआधी त्याने आपल्या हाती दिली, ती आपण ओरडावे म्हणूनच. साल चुकले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. पण 'तुला त्रास नको' म्हणून घरच्या शहाण्या माणसाला गप्प बसवायचे, आणि तिनेही 'त्यांना घोर नको' म्हणून गप्प बसायचे, या चुकीला रक्तपिपासू सरदार लागत नाही. ती चांगल्या, प्रेमळ घरांतून रोज होते. तिथे चेहरा वाचणारा आणि वेळेवर तोंड उघडणारा एक किडे काढणारा असला, तर पुष्कळ जीव वाचतील.