जीपगाडीची सिद्धता

सडकेवरून मोटार हाकणाऱ्यास सडकेचे उपकार सहसा जाणवत नाहीत. कोणीतरी खडी पसरून, रूळ फिरवून व डांबर ओतून ती करून ठेविली आहे, याचे स्मरण त्याला खड्डा लागल्यावाचून होत नाही. परंतु डांबर संपून चिखल, वाळू आणि दगडगोटे यांचे राज्य सुरू झाले, म्हणजे सडक जे काम मुकाट्याने करीत होती ते सारे गाडीने व गाडीवानाने वाटून घ्यावे लागते. आडवाटेच्या प्रवासाची तयारी म्हणजे या वाटणीचा हिशेबच होय.

आमच्या स्नेह्यांपैकी पाच कुटुंबांनी पावसाचे पहिले सपाटे होऊन गेल्यावर आपापल्या जीपगाड्या घेऊन मांडव्यास उतरावे व तेथून अलिबाग तालुक्यातील कच्च्या वाटा धुंडाळाव्या, असा बेत ठरला. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँची बंद असतात. परंतु मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेली रो-रो बोट, हवामान फारच बिघडले नाही तर, मोटारींसह तासाभरात पैलतीरी पोहोचविते. पेणवरून जाणारा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा त्यामुळे वाचतो. प्रश्न होता तो पुढचा.

सिद्धतेचा आरंभ चाकांपासून झाला. सडकेवर टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते. वाळूत ती पंधरा ते अठरा पौंडांवर आणावी लागते. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला अधिक लागतो आणि गाडीचा भार मोठ्या जागेवर वाटला जाऊन चाक रुतत नाही. मात्र तशाच टायरांनी वेगाने वळण घेतले तर टायर रिंगेतून निसटण्याचे भय. म्हणून सडकेवर परतताच हवा पुन्हा भरण्यासाठी पंप जवळ हवाच. चारही चाकांना जोर देण्याची जी सोय, तिचेही असेच. ओल्या, निसरड्या जमिनीवर ती तारक. पण बहुतेक जुन्या धाटणीच्या जीपगाड्यांत कोरड्या डांबरावर तीच मारक ठरते. वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत, आणि त्यांना एकत्र जखडले असता तो ताण यंत्राच्या दातांवर पडतो. साधन कोणत्या ठिकाणी वापरावयाचे नाही, हे कळणे हा त्याच्या वापराचा अर्धा भाग आहे, ही गोष्ट आमच्या मनावर येथेच प्रथम ठसली.

त्यानंतर दोरखंडांची पाळी आली. रुतलेली गाडी ओढावयाची तर दोर सांगाड्याला पक्क्या जडविलेल्या आकड्यालाच अडकवावा. गाडीच्या मागे जोडगाडीसाठी जो लोखंडी गोळा असतो त्याला कदापि नव्हे. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो व जीव घेतो. ताणलेल्या दोरावर ओली घोंगडी टाकावी, म्हणजे दोर तुटलाच तर त्याचा फटकारा मंदावतो. आणि मुलाबाळांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभे करावे. शिवाय फावडे, जॅकखाली वाळूत ठेवावयाची फळी, आग विझविण्याचे नळकांडे, औषधांची पेटी. एका घरचा कॅरमबोर्ड व पाण्याची भलीमोठी पिंपे टपावर चढू पाहत होती. टपावर वजन चढले की उतारावर गाडी कलंडावयास वेळ लागत नाही, असे समजावून ती खाली आणविली. काफिल्यापुरता नियम एकच ठरला: ज्याने त्याने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवावी. ती दिसेनाशी झाली की थांबावे. अशाने पाच गाड्यांची एक साखळी होते.

इतके झाल्यावर आमच्यातील एका उत्साही तरुणाने नकाशावर बोट ठेविले. धरमतर खाडीच्या काठी, खारेपाटात, एका बाहेरकाठ्यावरून गाड्या न्याव्या, असे त्याचे म्हणणे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला हिरवी खाचरे, मध्ये चिखलाचा अरुंद बांध. दृश्य अपूर्व असणार, यात शंका नव्हती. मांडव्याकडच्या आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शेतकऱ्यांना, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो, वाट विचारली. ते म्हणाले, “गाडी जाईल हो तुमची. बांध जाईल त्याचं काय?”

अप्पांच्या प्रश्नाने आमची यादी अपुरी ठरली. हे बांध मातीचे असून पिढ्यान्‌पिढ्या हातांनी राखलेले आहेत. पावसाने भिजलेल्या बांधावर दीड-दोन टनांची गाडी गेली की चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पाणी साचते, बांध खचू लागतो. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तेवढे छिद्र पुरते. खारे पाणी एकदा आत शिरले की त्या वर्षीचे भात तर जातेच, पुढेही काही वर्षे ती जमीन धड पीक देत नाही. याच खारेपाटात, चरी येथे, १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. पिकाच्या न्याय्य वाट्यासाठी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वर्षानुवर्षे उपासमार सोसली, त्यांच्या शेताचे कुंपण म्हणजे आमच्या करमणुकीचे पटांगण नव्हे.

वाद झाला. “गाड्या सिद्ध आहेत, मग मागे का फिरावयाचे?” असे त्या तरुणाचे म्हणणे, आणि उत्साहाच्या भरात विचारलेल्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणे कठीण असते. शेवटी बांध वगळून, ज्यांची जमीन त्यांची अनुमती घेऊन, डोंगराच्या बाजूची दगडी गाडीवाट धरावयाचे ठरले. वाळूच्या किनाऱ्यावर गाड्या घालावयाच्या नाहीत हेही त्याच बैठकीत ठरले; किनारा चालणाऱ्यांचा, कोळ्यांच्या होड्यांचा व वाळूत घरे करणाऱ्या जीवांचा आहे. एका कुटुंबाने नाव काढून घेतले. चार गाड्या गेल्या. त्या कुटुंबाची उणीव आम्हांस वाटेत पदोपदी भासली, आणि तो दुरावा अद्यापि पुरता भरून निघालेला नाही.

तरीही तो निर्णय आम्ही पुन्हा तसाच करू. यंत्राचे सामर्थ्य वाढत जाते तसतशी त्याला अडविणारी स्थळे कमी होतात. जेथे पूर्वी चिखल ‘नाही’ म्हणत असे, तेथे आता माणसालाच ‘नाही’ म्हणावे लागते. दुबळ्या गाडीच्या धन्यास हा विवेक फुकट मिळतो. बळकट गाडीच्या धन्याने तो फावडे-दोरखंडांबरोबर घरूनच बांधून न्यावयास हवा.