पाण्यावरची बॅटरी

माझ्या घरी मोटार नाही आणि ती असावी असे मला कधी वाटलेही नाही. तरीसुद्धा गेली पस्तीस वर्षे, गावात असलो म्हणजे, दर रविवारी सकाळी मी एका मोटारीच्या बॉनेटखाली डोके घालून उभा असतो. हातात विजेरी धरायची आणि सांगितले तिथे उजेड पाडायचा, एवढेच माझे काम. मोटार माझ्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची. 1968 सालची पेट्रोलची जीप, उंच बॉनेटची. एका सरकारी खात्याने लिलावात काढली तेव्हा तात्यांनी ती घेतली आणि तळेघरात आणली. त्या दिवशी तिला ओवाळायला निम्मे गाव जमले होते म्हणतात. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आरतीच्या ताटातला नारळसुद्धा मला दिसतो.

आमचे तळेघर भीमाशंकरच्या वाटेवरचे. वाचकांपैकी पुष्कळजण श्रावणात इथूनच पुढे गेले असतील. गाडीच्या काचा वर करून, धुके पाहून “अहाहा!” म्हणत गेले असतील. त्या धुक्यात आम्ही राहतो. जूनमध्ये पाऊस लागला, की आठआठ दिवस सूर्य दिसत नाही. उंबऱ्याला बुरशी येते, काड्यापेटी चुलीपाशी ठेवावी लागते. अशा ठिकाणी तात्यांच्या जीपने हिरड्याची पोती वाहिली, नवरानवरी वाहिल्या, तापाने फणफणलेली पोरे आणि अडलेल्या बाया घोडेगावला पोचवल्या. भाडे कधी पैशांत मिळे, कधी पायलीभर भातात, कधी नुसतेच “देव तुझं भलं करो” यात.

जीप आता क्वचितच रस्त्यावर येते. रविवारचा सोहळा मात्र चुकत नाही. तात्या बॅटरीवरची सहा बुचे एकामागून एक उघडतात, शुद्ध पाण्याच्या बाटलीतून प्रत्येक घरात बेताने पाणी घालतात, आणि मग काचेची पिचकारी आत घालून आतले आम्ल वर ओढतात. तिच्यात एक कांडी तरंगते. आम्ल दमदार असेल तर कांडी वर येते आणि आकडा 1250 च्या पुढे दिसतो. बॅटरी उतरली असेल, तर कांडी खाली बसते. प्रत्येक घराचे दोन व्होल्ट, सहा घरांचे बारा. तात्यांना व्होल्ट म्हणजे काय ते विचाराल, तर ते हसतील. पण कोणते घर आजारी आहे, हे ते गाईच्या आचळाला हात लावावा तसे ओळखतात. त्यांच्या प्रत्येक धोतराला आम्लाने पडलेली बारीक भोके आहेत. काकू त्यांना “तुझ्या तात्याच्या चांदण्या” म्हणायची.

तात्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, चाकणला एका कारखान्यात आहे. पुण्याला जुन्या मोटारींचे एक प्रदर्शन पाहून आल्यापासून त्याच्या डोक्यात जीपने घर केले. त्यानेच मला सांगितले, की 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले आहेत. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून तिची ‘व्हिंटेज’ म्हणून दहा वर्षांसाठी नोंद होते आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. मात्र तिने रोजची वाहतूक करायची नाही. प्रदर्शन, शर्यत, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर पडायचे. मी म्हटले, म्हणजे गाडीला पेन्शनच की! सरकार सांगाडा, साटा आणि इंजिन मूळचे आहे का एवढेच बघते. बॅटरी कोणती, याची त्याला फिकीर नाही. पण हौशी मंडळींची नजर सरकारपेक्षा तिखट असते. बॉनेट उघडले आणि आत पांढऱ्या प्लॅस्टिकचा चकचकीत डबा दिसला, की त्यांचा चेहरा पडतो. नऊवारी नेसलेल्या बाईच्या पायात कॅनव्हासचे बूट दिसावेत तसा.

यावर इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी एक युक्ती काढली आहे. जुन्या बॅटऱ्यांची पेटी काळ्या, टणक रबराची असे, माथ्यावर डांबर ओतलेले असे आणि घराघरांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसत. तशी हुबेहूब पोकळ पेटी घ्यायची, आणि तिच्या पोटात आजची लहानशी बंद बॅटरी दडवायची. या नव्या बॅटरीत आम्ल मोकळे डुचमळत नाही, ते काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. चार्ज होताना निघणारा वायू बहुतेक आतल्या आतच पुन्हा पाणी होतो, म्हणून तिला वरून पाणी घालावे लागत नाही. तत्त्व मात्र जुनेच. 1859 साली प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे आम्लात बुडवून जे साधले, तेच आजही चालू आहे. नवे आहे ते त्याला झाकून ठेवणे.

चुलतभावाला ही युक्ती दुहेरी सोयीची वाटली. प्रदर्शनात शोभा राहील, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बापाच्या कापऱ्या हातातून आम्लही सुटेल. तात्यांना सरळ सांगून उपयोग नव्हता. “जिच्या पोटात बघता येत न्हाय, तिच्यावर भरवसा कसा ठिवायचा?” असे म्हणून त्यांनी बंद बॅटरी एकदा परत पाठवली होती. तेव्हा गेल्या दिवाळीत तो मला म्हणाला, “दादा, तू फक्त गप्प राहा.”

गप्प राहण्याच्या कामी माझ्याइतका योग्य माणूस त्याला तळेघरात मिळाला नसता. पण ते त्याला ठाऊक नव्हते.

पेटी विकत आणावी लागली नाही. घरामागे काकूची कोरफड ज्या काळ्या पेटीत होती, ती बॅटरीचीच. आत शिशाचा अंश असेल म्हणून त्या कोरफडीला औषधाला कोणी हात लावायचा नाही, असा तात्यांचा दंडक होता. ती आपली शोभेची वाढली. भावाने कोरफड दुसरीकडे लावली, पेटी सोड्याच्या पाण्याने धुतली, आतल्या भिंती करवतीच्या पात्याने कापल्या. रबर जुने झाले की काचेसारखे तडकते, म्हणून एकेका भिंतीला त्याने तासतास घालवला. नवी बॅटरी आत बसवली, तळाला हवेसाठी भोके ठेवली, तांब्याच्या जाड पट्टीने वीज वरच्या शिशाच्या खुंट्यांपर्यंत आणली, फळीच्या माथ्यावर डांबर ओतले आणि त्यात शिशाच्या खोट्या पट्ट्या रोवल्या. डायनामोचा रेग्युलेटरही नव्या बॅटरीला मानवेल असा लावून घेतला. शेवटी सहा बुचांखाली सहा लहान वाट्या बसवून त्यांतून एक बारीक नळी खाली सोडली, म्हणजे तात्यांनी घातलेले पाणी बॅटरीला न लागता जमिनीवर जावे. ही शेवटची कारागिरी पाहून मी हसलो नाही. हसू आले नाही.

ही लबाडी आहे का, यावर मी पुष्कळ विचार केला. दिवाळीत बाजारात पणतीच्या आकाराचे विजेचे दिवे येतात. ते मला आवडत नाहीत, कारण तेल-वातीचे सोंग आणून ते तेल-वातीला हद्दपार करतात. इथे उलट आहे. सोंग आहे ते जुने चालते राहावे म्हणून. शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी कादंबऱ्या लिहितो. त्यांतली माणसे पागोटी बांधून बैलगाडीतून हिंडतात, आणि त्यांची दुःखे असतात माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची, कालपरवाची. “तुमची भाषा फार जुन्या वळणाची,” असे संपादक म्हणतात, तेव्हा मी नम्रपणे मान डोलावतो.

पहिल्या रविवारी मी विजेरी धरली. तात्यांनी बुचे उघडली, पाणी घातले, पिचकारी भरली. कांडी तळाला जाऊन बसली. साधे पाणीच ते. आकडा हजाराच्या वर येणार कसा? चुलतभावाने सगळा विचार केला होता, पण या कांडीचा केला नव्हता. तात्यांनी दुसरे घर पाहिले, तिसरे पाहिले. सहाही घरांत नुसते पाणी. मग त्यांनी बुचे लावली, आत बसून किल्ली फिरवली. जीप गर्रकन सुरू झाली. “बरी हाय,” ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

असे सात महिने चालले. वैशाखात सारे गाव करपलेले असताना जीपखाली टीचभर हिरवी दुर्वा उगवली. आणि जेठाच्या एका रविवारी बॉनेट लावता लावता तात्या म्हणाले, “मास्तर, पान्यावर चालनारी ब्याटरी कंदी पायली व्हती का रं?”

मी काहीच बोललो नाही.

“पोरानं लई राबून केलीय. त्याला सांगू नगंस, मला कळलंय म्हनून.”

“मग दर रविवारी पाणी कशाला घालता?”

तात्यांनी पेटीवर हात ठेवला. “ही तीच पेटी,” ते म्हणाले. “त्या रातची.”

ते मला ठाऊक होते. कोरफडीखाली ती पेटी मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो.

1990 सालचा श्रावण. काकूला लग्नानंतर नवव्या वर्षी दिवस गेले होते. मध्यरात्री पोटात दुखू लागले आणि तात्या जीपकडे धावले. किल्ली फिरवली, तर नुसती ‘टक्’. हँडल मारून मारून त्यांचे तळहात सोलवटले. पण बॅटरी पार उतरलेली, ठिणगी पडेना. अंगणातल्या चिखलात जीप ढकलताना चार माणसे गुडघाभर रुतली. शेवटी काकूला झोळीत घालून पावसातून रस्त्यावर नेले आणि पहाटे भेटलेल्या एका ट्रकमधून घोडेगावला. काकू वाचली. मूल वाचले नाही. मुलगी होती.

त्या आठवड्यात आपण बॅटरीत पाणी घालायला विसरलो, म्हणून हे झाले, असे तात्या धरून चालले. तेव्हापासून रविवार चुकला नाही. दोन वर्षांनी हा भाऊ झाला, तरी चुकला नाही. आणि तेव्हापासूनच मी विजेरी धरायला जाऊ लागलो. पोराला गाडीचा नाद आहे, असे घरात म्हणत.

मला नाद पुस्तकांचा होता. मी अकरा वर्षांचा होतो, गावात चार दिवस वीज नव्हती, रॉकेल जपून वापरायचे. तात्यांचा एक हातदिवा होता, बॅटरीला चिमटे लावून पेटवायचा. त्या आधीच्या दोन्ही रात्री मी जीपच्या टपाखाली बसून तो दिवा लावून वाचत होतो, आणि वाचता वाचता झोपलो होतो. दुसऱ्या पहाटे जाग आली तेव्हा दिव्याची तार नुसती निखाऱ्यासारखी लाल राहिली होती. मी चिमटे काढले आणि घरी गेलो. मोठेपणी मी हिशेब मांडला: एकवीस वॅटचा दिवा, बारा व्होल्ट, म्हणजे पावणेदोन अँपिअर, दोन रात्रींचे अठरा तास, एकतीस-बत्तीस अँपिअर-तास. साठाच्या जुन्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक मी एकट्याने वाचून टाकले होते. पोरांना विजेचे गणित शिकवताना मी हे उदाहरण कधी घातले नाही.

काकू 2014 साली गेली. तिला मी सांगितले नाही. त्या रविवारी तात्यांचा हात पेटीवर होता, आणि मी सांगून टाकले, सगळे, हिशेबासकट.

ते खूप वेळ पिचकारीचा रबरी गोळा दाबत-सोडत राहिले. मग म्हणाले, “कंचं पुस्तक व्हतं?”

मी नाव सांगितले.

“सरलं का वाचून?”

“नाही. पुन्हा हातात धरलं नाही.”

ते उठले आणि घरात गेले. जेवायला थांब म्हणाले नाहीत. तो आठवडा मी त्यांच्या दाराकडे फिरकलो नाही.

हे छापायला तात्यांची परवानगी आहे, हे इथेच सांगतो. त्यांची सून दर दिवाळीला त्यांना हा अंक मोठ्याने वाचून दाखवते. चुलतभाऊ शेजारी बसून फराळ करीत असतो. त्याला पाणी, दुर्वा आणि बाकीचे सगळे तेव्हाच कळेल. “त्याला बी ठावं होऊंदे, त्याला एक भन व्हती,” असे तात्या म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनीच नातवाला मला बोलवायला धाडले. मी सवयीने विजेरी घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पाण्याची बाटली दिली.

“आज तू वत.”

ते विजेरी धरून उभे राहिले. मी एकेक बूच उघडून सहाही घरांत पाणी घातले. जीपखालच्या गवतावर ते ठिबकू लागले.