चुकलेला मायना

सीमाभागातील विद्यार्थी पलीकडच्या विद्यापीठाला मराठीतून पत्र लिहितो, तेव्हा त्याच्या मनात एक परीक्षक बसलेला असतो. आपली मराठी कानडी वळणाची ठरेल, लोक हसतील, ही भीती आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. त्यामुळे निव्वळ घाईतून झालेली चूकही आपल्याकडे भाषेचे उणेपण म्हणून मनाला लागते.

खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या बाबतीत आम्ही हे जवळून पाहिले. आपल्या भागातील बोलीवर तिला पीएच.डी. करावयाची होती. महाराष्ट्रातील तीन प्राध्यापकांना तिने एकच मजकूर ईमेलने पाठवला. दुसऱ्या पत्राच्या मायन्यात पहिल्या प्राध्यापकांचे आडनाव आणि 'सर' हे संबोधन तसेच राहिले. पत्र मात्र गेले एका प्राध्यापिकेला. आठ दिवस तिने कोणाला काही सांगितले नाही. ''आता त्यांना कोणत्या तोंडाने लिहू?'' असे म्हणत ती त्या मार्गदर्शिकेचा विचारच सोडून द्यायला निघाली होती.

असे सोडून देणे परवडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. संशोधक घेता येतात. त्यात आपल्या विषयाचा जाणकार मिळणे आणखी कठीण.

पाठवलेले पत्र मागे घेण्याची सोय जीमेलमध्ये फार तर ३० सेकंद असते. त्यानंतर उपाय एकच : दुसरे पत्र. आम्ही तिच्यासोबत बसून ते तयार केले :

'सादर नमस्कार. गेल्या आठवड्यात आपणांस पाठवलेल्या पत्रात माझ्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्यांचे नाव राहिले. त्याबद्दल दिलगीर आहे. दुरुस्त पत्र सोबत जोडले आहे. सवडीने पाहावे, ही विनंती.'

संगणकावर दोष ढकलला नाही, की क्षमेसाठी पानभर विनवणी केली नाही. लांबलचक माफीने समजूत काढण्याचे काम उलट वाचणाऱ्यावरच पडते. मात्र चुकलेल्या नावाने आणखी एक गोष्ट उघड केली होती : पत्र एकट्या त्यांच्यासाठी नव्हते. म्हणून दुरुस्त पत्रात त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातून कोणता प्रश्न सुचला, हे तिने नव्याने लिहिले. खरी भरपाई ती होती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. चुकीचा उल्लेखही नव्हता. कोणकोणत्या गावांची बोली घेणार, एवढेच विचारले होते.

अशा प्रसंगी आपली भाषा आपल्याला मदतही करते. संकेतस्थळावर केवळ आद्याक्षरे असतील, तर बाई की पुरुष हे कळत नाही. 'आपण आला होता' आणि 'आपण आल्या होता' यांत लिंगभेद उघड होतो. 'आपण मार्गदर्शन करावे', 'आपला लेख वाचला', 'आपण व्याख्यान दिले' यांत तो दिसत नाही. 'माननीय' हे विशेषणही दोघांना चालते. खात्री होईपर्यंत अशीच रचना योजावी आणि तीन पत्रे तीन वेळा स्वतंत्र लिहावीत.

आपले व्यापारी हिशेबाखाली 'चू. भू. द्या. घ्या.' लिहीत आले आहेत. चूक दाखवावी, दुरुस्त करावी आणि व्यवहार पुढे चालू ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ. सीमाभागातील मुलांनी पत्रव्यवहारातही तो लक्षात ठेवावा. मायना चुकला म्हणून मराठी चुकत नाही.