मुठीतला तांदूळ आणि तिआवचा पूल

सैरांग स्टेशनात उतरलं की आधी परवाना. मिझोरममध्ये पाऊल ठेवायला भारतीय माणसालाही इनर लाइन परमिट लागतं, त्यामुळे पिशव्या सांभाळत रांगेत उभं राहणं आलंच. गुवाहाटीहून संध्याकाळी निघालेली गाडी सकाळी इथं पोचते. बैराबी ते सैरांग हा ५१ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात ४८ बोगदे आहेत. कोकण रेल्वेनं येणाजाणाऱ्याला बोगद्यांचं अप्रूप नसतं, पण इथं अंधारातून बाहेर आलो म्हणेपर्यंत गाडी थेट दरीवरच्या पुलावर असते, आणि श्वास घ्यावा तोवर पुन्हा अंधार.

याच सैरांगला ११ जानेवारी १८९४ रोजी दोन इंग्रज मिशनरी तरुण होडीतून उतरले होते, लॉरेन आणि सॅव्हिज. त्यांनी इथल्या बोलीला रोमन लिपी बसवली, व्याकरण आणि शब्दकोश केला आणि चार वर्षांत निघूनही गेले. त्यांच्या पाठोपाठ १८९७ मध्ये वेल्श मिशनचे लोक आले. पुढच्या पन्नासेक वर्षांत जवळजवळ सगळा मिझो समाज ख्रिस्ती झाला. ११ जानेवारीला इथं आजही सरकारी सुट्टी असते. धर्मांतराच्या नेहमीच्या वादात मला शिरायचं नाही. मला बघायचं होतं ते वेगळंच: म्यानमारमधून हजारो माणसं दारात येऊन उभी राहिली तेव्हा या चर्चनं काय केलं, आणि कशाच्या जोरावर केलं.

त्याचं निम्मं उत्तर ऐझॉलला, मी उतरलो होतो त्या घराच्या स्वयंपाकघरातच मिळालं. मिझो माणसं सकाळी साडेआठ-नवाला पोटभर भात जेवतात आणि संध्याकाळी दिवेलागणीलाच दुसरं जेवण उरकतात. सकाळी घरच्या पींनी (वडीलधाऱ्या बाईला इथं ‘पी’ म्हणतात) डब्यातून तांदूळ मोजून घेतले, धुण्याआधी त्यातले मूठभर उचलले आणि ओट्याखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. संध्याकाळी पुन्हा तेच. याला बुहफाई थाम म्हणतात. प्रत्येक जेवणाची एक मूठ चर्चची. वस्तीतल्या बाया ठरावीक दिवशी घरोघर फिरून तो तांदूळ गोळा करतात, विकतात आणि पैसे चर्चकडे जमा करतात. ही रीत १९१० पासून चालू आहे. “घरात तांदूळ कमी असला तर?” मी विचारलं. पी मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “जेवण आहे ना? मग मूठ पण आहे.”

मराठी माणसाला हे फार परकं वाटायचं कारण नाही. पणजीत शाळा चालवणारी मुष्टिफंड संस्था अशाच घरोघरच्या मुठींवर उभी राहिली आणि नावातही तिनं ती मूठ जपली. फरक इतकाच, की आपल्याकडे शाळा उभी राहिली आणि मुठी थांबल्या. इथं शंभराहून जास्त वर्षं त्या थांबलेल्या नाहीत.

बुहफाई थामचा पैसा मुख्यतः धर्मप्रसाराला आणि चर्चच्या कामाला जातो, निर्वासितांना नव्हे. पण त्या मुठीबरोबर गोळा करण्याची, वही ठेवण्याची आणि हिशेब देण्याची सवय घराघरात मुरली. ऐझॉलच्या प्रत्येक वेंगमध्ये, म्हणजे वस्तीत, चर्च असतं, त्याचं महिला मंडळ असतं आणि १९३५ साली स्थापन झालेल्या यंग मिझो असोसिएशनची शाखा असते. कुणी वारलं तर कबर खणायला वायएमएची पोरं जातात. लाउडस्पीकरवरून घोषणा झाली की अर्ध्या तासात माणसं जमतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावली आणि सीमेपलीकडच्या चिन टेकड्यांतून माणसं येऊ लागली. चिन आणि मिझो एकाच झो वंशाचे. भाषा जवळच्या, आडनावं ओळखीची, सोयरिकी दोन्हीकडे. १० मार्चला केंद्रीय गृहखात्यानं सीमेवरच्या राज्यांना कळवलं: लोकांना आत घेऊ नका, निर्वासित म्हणून दर्जा देण्याचा अधिकार राज्याला नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, ही आमची रक्ताची माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, अशी भूमिका घेतली. राज्यानं दार लावलं नाही. पण केंद्राची मान्यता नाही म्हटल्यावर भार पडला तो लोकवर्गणीवर. तीस हजारांहून अधिक माणसं आली. पुढं बांगलादेशच्या टेकड्यांतले बॉम आले. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटल्यावर तिथले कुकी-झो आले. ते तर आपलेच नागरिक, पण बेघर झालेले.

ऐझॉलहून चंफाई साधारण १९० किलोमीटर. सामायिक सुमोला सात-आठ तास लागतात आणि मधल्या बाकावर बसलात तर गुडघे आपलेच राहतील याची खात्री नाही. वाटेत सेलिंगच्या आसपास रस्त्याकडेला बिनमाणसाच्या टपऱ्या लागतात. बांबूच्या फळीवर भोपळे, मिरच्या, आल्याचे ढीग. किंमत कोळशानं लिहिलेली, पैसे टाकायला डबा. मालक शेतावर गेलेला असतो. आमच्या ड्रायव्हरनं मिरच्या घेतल्या, नोट टाकली आणि डब्यातून स्वतःच मोड परत घेतली.

चंफाई दिसलं की डोळ्यांना विसावा मिळतो. डोंगरांच्या या राज्यातलं हे सगळ्यात मोठं सपाट भातखाचर; बाजूच्या उतारांवर द्राक्षाचे मांडव. नाशिककडचा माणूस इथं थबकेलच. पण या गावाची आठवण द्राक्षांची नाही. १९५९ साली बांबू फुलला. साधारण ४८ वर्षांनी बांबू एकदम फुलतो, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतंच्या शेतं फस्त करतात. त्या दुष्काळात मदत उशिरा आली. मदतीसाठी निघालेल्या संघटनेचीच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १ मार्च १९६६ ला बंड झालं. चंफाईची आसाम रायफल्सची चौकी बंडखोरांनी सुरुवातीलाच घेतली. ५ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर बॉम्ब टाकले. स्वतःच्याच गावावर आपल्याच हवाई दलाचे बॉम्ब पडणं काय असतं, हे ऐझॉलच्या म्हाताऱ्यांना विचारावं. पुढच्या काही वर्षांत पाचशेहून अधिक गावं उठवून हमरस्त्यालगतच्या तळांत कोंबली. शेत लांब, कुंपणाला फाटक आणि रात्री संचारबंदी. त्या वीस वर्षांत दोन्ही बाजूंत बोलणी घडवायला चर्चचे पुढारी खटपट करत राहिले. ३० जून १९८६ ला करार झाला आणि तो टिकला, हे आपल्याकडच्या बंडांच्या इतिहासात दुर्मीळच.

त्या काळात कितीतरी मिझो कुटुंबं तिआव नदी ओलांडून चिन टेकड्यांत लपली होती. हे मला कुणी इतिहास म्हणून सांगितलं नाही. सीमेवरच्या झोखॉथरला चहाच्या टपरीवर एक म्हातारे पु (वडीलधाऱ्या पुरुषाला इथं ‘पु’ म्हणतात) म्हणाले, “माझी आई पोटुशी होती, पलीकडच्या गावानं तिला ठेवून घेतलं. आता त्यांची पाळी.”

झोखॉथर चंफाईहून पाऊण-एक तासावर. खाली तिआव, वर लोखंडी पूल, पलीकडे म्यानमारचं खॉमावी. पुढं थोड्याच अंतरावर रिह दिल हे बदामाच्या आकाराचं तळं आहे. मेलेल्यांचे आत्मे तिथून मृतांच्या गावी जातात, अशी मिझोंची जुनी श्रद्धा. म्हणजे त्यांचं सगळ्यात पवित्र तळं आज परदेशात. नोव्हेंबर २०२३ मध्ये पलीकडच्या लष्करी चौक्या चिन बंडखोरांनी घेतल्या तेव्हा गावकरी तर आलेच, हरलेले सैनिकही याच नदीतून पळत आले. जुलै २०२५ मध्ये दोन चिन गटच एकमेकांशी भिडले आणि पुन्हा हजारो माणसं पुलावर आली.

इथली निर्वासितांची छावणी म्हणजे बांबूच्या कुडाच्या खोल्या, वर निळी ताडपत्री, मधून सांडपाण्याचा चर. चर्चच्या सभागृहात एक वही पाहिली. रकाने आखलेले: कुटुंबाचं नाव, माणसं, तांदूळ किलोत, तेल, ब्लँकेट. समोर सही किंवा अंगठा. पहिल्या वर्षीच्या पानांवर तेल आणि डाळ भरभरून. अलीकडच्या पानांवर रकाने रिकामे. देणाऱ्यांचे हात थकलेत. इथला शेतकरी स्वतःच झूम म्हणजे फिरत्या शेतीवर जगणारा, तो किती वर्षं देणार? छावणीतल्या बायका दिवसभर रोजंदारीवर खाचरांत राबतात, पुरुष बांधकामावर. स्थानिक मजूर कुरकुरतात, की मजुरी पडली. सीमा बंद झाली की बाजारही बसतो. २०२१ मध्येच राज्यानं निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळांत घ्यायला सांगितलं, हे मात्र मोठं काम झालं. सप्टेंबर २०२१ मध्ये चिन टेकड्यांतलं थांतलांग गाव जळत असताना आग विझवायला निघालेला बाप्टिस्ट पाद्री गोळीनं मारला गेला. त्या गावची मुलं आज मिझो शाळांत पाढे म्हणतात.

सगळं गोड लिहून चालणार नाही. २००३ मध्ये याच मिझोरममधून हजारो चिन लोकांना हाकलून दिलं गेलं, आणि त्यात वायएमए पुढे होती. १९९७ मध्ये ब्रू आदिवासींना पळून त्रिपुरात जावं लागलं. वीसेक वर्षं ते छावण्यांत राहिले आणि २०२० च्या करारानं तिथंच वसले. ते झो वंशाचे नव्हते. या समाजाची माया खरी आहे, पण ती फार तर रक्ताच्या नात्यापर्यंत जाते, आणि २००३ सारखी कधी तिथंही तुटते. चर्चची शिकवण त्या नात्यापलीकडे पोचलेली मला दिसली नाही. तरीही एवढ्या छोट्या राज्यानं दिल्लीची परवानगी नसताना तीस हजार माणसं पोसली, हे मी कमी लेखणार नाही. आपल्याकडच्या मोठमोठ्या शहरांना ते जमेल का, याची मला शंका आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च जा. रविवारी प्रवास ठेवू नका. गाड्या, दुकानं, सगळं बंद असतं. सीमेपलीकडे जायचा बेत करू नका. छावणीत विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि काही द्यावंसं वाटलं तर हातात नोटा वाटत फिरू नका. झोखॉथर किंवा चंफाईच्या चर्चच्या कचेरीत जा, पावती घ्या. तांदळासाठी अजूनही मदत लागते आहे.