मामांचे रीळ

पुण्यात राहून समुद्राच्या किनाऱ्यावरून गळाने मासे धरण्याचा छंद बाळगणे ही मुळातच काहीशी विसंगत गोष्ट आहे. वर्षातून फार तर सहा-सात वेळा ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जायचे, दोन भरत्या किनाऱ्यावर उभे राहायचे आणि परत यायचे. उरलेले सगळे दिवस ती बारा फुटी काठी दाराआड आणि रीळ कपाटात. अशा माणसाच्या रिळाचा खरा शत्रू मासा नसतो, परतीचा प्रवास असतो. लाटेच्या तुषारांनी भिजलेले रीळ गाडीच्या डिकीत टाकून घाट चढायला पाच तास लागतात. तेवढ्या वेळात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. ते मीठ हवेतली ओल पुन्हा ओढून घेते आणि धातूला खात राहते. पुण्याची हवा कोरडी, तेव्हा इथे काही गंजत नाही, अशी माझी वर्षानुवर्षे समजूत होती. पण पावसाळ्यात पुणेही ओले असते आणि कपाटातल्या मिठाला तेवढे पुरते.

‘रीळ’ हा शब्द आपल्याकडे आधी शिवणयंत्रावर आला, मग चित्रपटगृहात, आणि आता तो ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला आहे. मासेमारीच्या संदर्भात मात्र दोऱ्याचे रीळ हाच त्याचा जवळचा नातेवाईक. आज किनाऱ्यावरून वापरतात ते रीळ, म्हणजे ज्याचे दोर गुंडाळलेले पिंप स्थिर राहते आणि दोर त्याच्या काठावरून सुटत जातो, त्याचे पेटंट 1905 साली आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या इंग्रज गृहस्थाने घेतले. हा ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातला माणूस. बॉबिनच्या टोकावरून सूत कसे अडथळ्यावाचून सुटते हे ज्याने रोज पाहिले त्यालाच ही युक्ती सुचावी, यात नवल नाही.

आपल्याकडे गळाच्या मासेमारीचा थाट त्याहून किती तरी जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा, दोरी, गळ असे सारे त्यात तपशिलाने येते. वर्गात या ग्रंथाचा उल्लेख आपण त्यातल्या जुन्या मराठी नमुन्यासाठी करतो. मला तो या प्रकरणासाठी अधिक जवळचा वाटत आला. ‘विनोद’ म्हणजे राजाची करमणूक. माझी मासेमारी त्याच जातीची आहे, असे मी थोड्या अभिमानाने म्हणत असे.

हे सगळे ज्या रिळामुळे लिहावेसे वाटले ते मी 2017 च्या दिवाळीत मामांना दिले होते. मामा श्रीवर्धनजवळच्या एका गावात राहत. सुपारीची छोटी वाडी, रोठा जातीची. थोडे नारळ, चार जायफळे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. गरवायला ते लहानपणापासून जात, पण त्यांचे साधन म्हणजे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, तिला शिशाचा गोळा आणि गरी. डोक्यावरून गरगर फिरवून ते गरी फेकत आणि हाताने दोर ओढत. दोराने कापून त्यांच्या उजव्या तर्जनीवर एक कायमची पांढरी रेघ पडली होती. भरतीची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझ्याजवळ छापील कोष्टक असे आणि दोन्हींत अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त फरक मी कधी पाहिला नाही.

त्यांच्यासाठी रीळ निवडताना मी पुण्यात टेबलाशी बसून महिनाभर अभ्यास केला. लाटांच्या पलीकडे ऐंशी ग्रॅम शिसे फेकायचे तर पिंप मोठे हवे, त्याचा काठ गुळगुळीत हवा, दोनअडीचशे मीटर दोर त्यावर मावायला हवा. ओढणाऱ्या माशाला दोर सुटू देणारा ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो झटका न देता सुटायला हवा. रावस पहिल्या पळीत दोर तोडतो तो ड्रॅग अडखळला म्हणूनच. इथपर्यंत माझे बरोबर होते. पुढे मी हलकेपणाच्या मोहात पडलो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, पाणी आत शिरू नये म्हणून रबरी कड्यांनी बंद केलेले, आठ-नऊ बेअरिंगांचे रीळ मी घेतले आणि त्यावर महागडा विणलेला दोर भरून दिला. खरे सांगायचे तर ते मला स्वतःला हवे होते.

मामांनी ते हातात फिरवून पाहिले. “हा तुझा रहाट चांगलाय,” म्हणाले. “आम्ही मौज म्हणून करतो मामा, तुम्हीही करून बघा,” असे मी म्हणाल्याचे मला आठवते. शब्द नेमके आठवतात, कारण ते नंतर मी पुष्कळदा आठवून पाहिले आहेत.

त्यानंतर जेव्हा जेव्हा विचारले तेव्हा उत्तर एकच, “ठेवलंय नीट, पिशवीत.” मी गेलो की ते माझ्याबरोबर वाळूवर येत, पण जुनीच लाकडी गुंडाळी घेऊन. दिलेली वस्तू वाया गेली, असे मी मनाशी ठरवून टाकले. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगतही असे: परंपरेचा हात यंत्राला कसा शिवत नाही वगैरे. ऐकणारे हसत आणि कोणी तरी त्याला आधुनिकतेचा एखादा संदर्भ जोडी.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या सुपारीच्या बागा काही तासांत झोपल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षे जातात, हे बातम्या वाचताना मला ठाऊक नव्हते. मामांच्या वाडीतली किती उभी राहिली असे फोनवर विचारले तर म्हणाले, “मोजायला सोपी झाली.” टाळेबंदीमुळे मला जाता आले नाही. पैसे पाठवू का विचारले, ते नको म्हणाले. मीही फार ताणून धरले नाही. 2021 च्या हिवाळ्यात गेलो तेव्हा निघताना मी त्यांना म्हणालो, “रीळ वापरत नसाल तर मी घेऊन जातो, पडून खराब होईल.” ते क्षणभर थांबले. “राहू दे, पुढल्या खेपेला ने.”

पुढल्या खेपेला मी विसरलो. 2023 च्या पावसाळ्यानंतर मामा गेले. डिसेंबरात मामींनी कापडी पिशवीत गुंडाळलेले ते रीळ माझ्या हातात दिले.

श्रीवर्धनला त्याची दांडी जड का होईना, फिरत होती. पुण्यात आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागची हलेना. गंजून जाम झाले असणार, असे धरून मी ते खिडकीत ठेवले. दुपारी ऊन आल्यावर सहज हात लावला तर फिरली. रात्री पुन्हा बंद. हा प्रकार दोन दिवस चालल्यावर उलगडा झाला. रिळात खोबरेल होते. चोवीस अंशांच्या आसपास ते थिजते. कोकणात हे क्वचितच घडते, पुण्याच्या डिसेंबरात रोज रात्री. मामा अडकित्त्याला, दाराच्या बिजागऱ्यांना, मामींच्या शिवणयंत्राला, सगळ्याला खोबरेलच घालत. रिळालाही घातले होते आणि एकदा नव्हे. उघडल्यावर आधी आला तो खवट वास.

उघडणे सोपे नव्हते. पोलादी स्क्रू आणि मॅग्नेशियमचे अंग यांच्यामध्ये खारे पाणी आले की त्यांची लहानशी विद्युतघटमालाच तयार होते आणि त्यात हलका धातू झिजतो. स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी धरली होती. चार स्क्रू दोन दिवस तेलात भिजवून, जरा गरम करून निघाले. पाचवा तुटला.

आत मी काय पाहिले ते क्रमाने सांगतो. दातांमध्ये वाळू आणि शिंपल्याचा चुरा, तेलाच्या चिकट लगद्यात रुतलेला. रिळाची दांडी मी डाव्या हाताला लावून दिली होती, ती काढून उजवीकडे बसवलेली. तिच्या मुठीवरचा रंग एका बाजूने पार गेलेला. दोर गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या टोकाशी एक बोटाच्या पेराएवढा रोलर असतो. दोर ओढताना तो फिरला पाहिजे, म्हणून त्यात इवलेसे बेअरिंग असते, आणि खाऱ्या पाण्याला सर्वांत आधी बळी पडते ते तेच. इथे ते केव्हाच जाम झाले होते. फिरेनासा झालेल्या रोलरवरून दोर घासत राहिला की करवतीसारखा कापत जातो. या रोलरला जी खाच पडली होती तिच्यात माझे नख अडकत होते. अशी खाच चार-दोन फेऱ्यांत पडत नाही. ओल्या, वाळू लागलेल्या दोराने शेकडो दिवस, हजारो वेळा ओढावे लागते.

मी मामींना फोन केला. त्या सहज म्हणाल्या, “वादळानंतर रोजच जायचे की ते. पहाटेची भरती असली की पहाटे. जिताडा गावला तर विकायचे, रावसही विकायचे. शिंगाळा घरात.” मग जरा थांबून, “तुला सांगू नको म्हणालेले. तू मजेसाठी दिलंयस म्हणून.”

पुरावा वाचणे हा आपला व्यवसाय आहे आणि जास्त वाचण्याची खोडही त्याच व्यवसायाची. म्हणून या खाचेचा अर्थ मी फार लांब नेत नाही. पण त्यांनी रीळ वापरले नव्हते, हा जो किस्सा मी तीन-चार वर्षे सांगत होतो, तो खोटा होता. आणि मी ते परत मागितले त्या दिवशी त्यांच्या घरातले कालवण त्यावर अवलंबून होते.

आता निवडीविषयी. मी चुकीचे रीळ दिले होते. रोज वाळूत टेकवले जाणार, खडकावर आपटणार, घरात असेल त्या तेलाने माखले जाणार, अशा रिळाचे अंग मॅग्नेशियमचे असता कामा नये. वरचा थर एकदा खरवडला की ते धातू नसून साखर असल्यासारखे विरघळते. जाड ॲल्युमिनियमचे, किंवा साधे कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचे अंग, मोठे पितळी-पोलादी दाते, चारच बेअरिंगे आणि साध्या पेचकसाने उघडणारी बाजू: वजनाला शंभर ग्रॅम जास्त, किमतीला निम्मे. रबरी कड्यांची बंदिस्ती पाणी आत येऊ देत नाही हे खरे, पण एकदा आलेले बाहेरही जाऊ देत नाही. रीळ किती मोठा मासा ओढेल याची चौकशी मी महिनाभर केली. ते कोण पुसणार, कशाने पुसणार आणि बिघडले तर कोणाकडे नेणार, हे माझ्या मनातही आले नव्हते. दिल्यावर मी त्यांना धुण्याची रीतसुद्धा सांगितली नव्हती.

ती रीत अगदी साधी आहे. किनाऱ्यावरच, निघण्यापूर्वी, ड्रॅगची टोपी घट्ट आवळायची म्हणजे आतल्या चकत्यांपर्यंत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याची बारीक धार वरून सोडायची. नळाचा जोर नको, त्याने मीठ आतच ढकलले जाते. बादलीत बुडवणे तर नकोच. पंचाने टिपून सावलीत वाळवायचे आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करायचा, नाही तर चकत्या दबून चिकटतात. रोलरवर एक थेंब पातळ तेल, दात्यांना समुद्रासाठीचे ग्रीस, आणि दांडीला उलटे फिरू न देणाऱ्या एकमार्गी बेअरिंगला ग्रीस अजिबात नाही. मामांच्या रिळात हे एकमार्गी बेअरिंग खोबरेलाने घसरत होते. म्हणजे मासा ओढू लागला की दांडी उलटी फिरे आणि ती त्यांना मुठीत धरून ठेवावी लागत असणार. तरीही त्यांनी जिताडे काढले.

रोलरचे बेअरिंग, चार मिलिमीटर भोकाचे, मी नाना पेठेत शोधले. दुकानदाराने स्कूटरची बेअरिंगे मांडलेल्या फळीकडे पाहिले, मग माझ्या तळहातावरच्या त्या कणाकडे, आणि “हे घड्याळवाल्याकडे बघा” म्हणून मोकळा झाला. शेवटी आठवड्याने मागवून मिळाले. तुटलेल्या स्क्रूच्या जागी नवा आटा पाडून घेतला. खाच पडलेला रोलर मात्र बदलला नाही. तो बदलायला हवा, त्यावर नवा दोर टिकणार नाही, हे मला कळते.

मी भरून दिलेला विणलेला दोर पिंपावर नव्हता. तो मला मार्चमध्ये सापडला. मामांनी वादळानंतर लावलेल्या सुपारीच्या रोपांभोवतीचे कुंपण त्याने बांधलेले होते, काठीला काठी, हिरव्या दोराचे नीटनेटके वेढे. पिंपावर होती ती साधी बाजारातली तंगूस, जागोजाग पांढरी पडलेली. ती मी हळूहळू उलगडत गेलो, तळाशी जिथे ती पिंपाला बांधलेली असते तिथपर्यंत. तिथली गाठ माझी नव्हती. ती गरीला मारायची त्यांची गाठ होती, दोन वेढे आणि त्यांतून उलटा घेतलेला पदर. लहानपणी त्यांनी ती मला तीनदा दाखवली होती आणि तिन्ही वेळा माझी सुटली होती.

तेवढी वीतभर तंगूस मी पिंपावर तशीच राहू दिली आहे. नवा दोर तिच्यावरून भरला.