न्यूमोनियाची कारणे लिहा (गुण २)



परवा सहामाहीचे पेपर तपासत होतो. विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न होता, 'न्यूमोनिया होण्याची कारणे लिहा.' जवळपास सगळ्यांनी एकच ओळ लिहिली आहे: 'न्यूमोनिया हा जिवाणू व विषाणूंमुळे होणारा फुप्फुसांचा रोग आहे.' मी दोनापैकी दोन गुण दिले. उत्तर चूक नाहीच मुळी. पण लाल पेन हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. हा प्रश्न मला एकदा वर्गाबाहेर आला होता आणि त्यात मी नापास झालो होतो. ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

२००३ साली मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात द्विशिक्षकी शाळेवर होतो. गावाचं नाव सांगत नाही. साठेक घरं, एक हातपंप, आणि गाव व डांबरी रस्ता यांच्या मध्ये एक नाला. पावसाळ्यात तो नाला भरला की आम्ही जगापासून तुटायचो. तिसरीत एक मुलगी होती. ती रोज कडेवर धाकटा भाऊ घेऊन शाळेत यायची. आई शेतावर गेली की बाळ हिच्याकडे. आम्ही शिक्षक त्याला हरकत घ्यायचो नाही, कारण हरकत घेतली तर बाळ यायचं बंद व्हायचं नाही, मुलगी यायची बंद व्हायची.

बाळ चार महिन्यांचं होतं. सप्टेंबर सुरू होता आणि पावसाची झड लागलेली. एके दिवशी मुलगी म्हणाली, "गुरुजी, बाळाले सर्दी झाली." मी वाकून बघितलं. नाक वाहत होतं, खोकत होतं, अंग कोमट. पोट भराभर वरखाली होत होतं, तेही दिसलं. दिसलं हे मी मुद्दाम लिहितो आहे. मी म्हणालो, "थंडीची हवा आहे, टोपी घाल त्याला, घरी गेल्यावर तेल चोळायला सांग." आणि फळ्याकडे वळून सातचा पाढा घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. घरच्यांनी त्याला 'डबा' झाला असं ओळखलं होतं. लहान मुलाचं पोट उडायला लागलं की आपल्याकडे जुनी माणसं त्याला डबा म्हणतात. म्हणजे आजार त्यांना माझ्यापेक्षा आधी कळला होता. पण उपकेंद्राला कुलूप, नाल्याला पूर, म्हणून त्याला पुजाऱ्याकडे नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाळ गेलं.

आता पेपरातल्या त्या ओळीकडे परत येऊ. त्या बाळाच्या फुप्फुसात नक्की कोणता जंतू होता हे कुणीच तपासलं नाही. बहुधा न्यूमोकोकस नावाचा जिवाणू असेल, कारण लहान मुलांच्या जिवाणूजन्य न्यूमोनियात तोच सगळ्यांत जास्त आढळतो. त्याच्या खालोखाल 'हिब' नावाचा. विषाणूंमध्ये 'आरएसव्ही' पुढे असतो. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात देशांत दवाखान्यात दाखल झालेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात गंभीर न्यूमोनियाच्या सुमारे एक तृतीयांश मुलांमागे हा आरएसव्ही होता.

पण मित्रांनो, एक गंमत लक्षात घ्या. न्यूमोकोकस कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकाघशात मुक्कामाला असतो. आत्ता तुमच्या बाकावर शेजारी बसलेल्याच्या नाकातही असू शकेल. तो तिथे राहतो आणि काही करत नाही. मग एका मुलाच्या नाकात गप्प बसणारा जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात का उतरतो? खरा प्रश्न हा आहे, आणि दोन गुणांत तो मावत नाही.

त्या घराबद्दल मला जे माहीत होतं ते सांगतो. बाळ मे महिन्यात घरीच जन्मलं. कुणी वजन केलं नव्हतं, पण मुलगी सांगायची, "लय बारीक होता." कमी वजनाच्या बाळाची फुप्फुसंही लहान आणि प्रतिकारशक्तीही अपुरी. त्याच्या आईलाही गरोदरपणात दोन वेळचं धड मिळालं नसणार. जुलैत रोवणी लागली. धानाच्या रोवणीला हात कमी पडले तर वर्षभराचं पोट मारलं जातं, म्हणून आई दोन महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून बांधीत उतरली. दिवसा बाळाला भाताची पेज मिळायला लागली. आईच्या दुधातून जी संरक्षक द्रव्यं मिळतात ती पेजेत कुठून येणार? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे पुस्तकात आहे, त्या बाईलाही नर्सबाईनं सांगितलं असेल. पण बांधीच्या धुऱ्यावर बाळाला झोपवायला कोरडी जागा नव्हती हे पुस्तकात नाही.

मग झड लागली. एका खोलीत सात माणसं, चूल तिथेच, आणि लाकडं ओली. ओल्या लाकडाचा धूर कसा असतो हे ज्यानं फुंकणी धरली आहे त्यालाच कळेल. आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कचरा आणि जंतू वर ढकलत राहतात. धुरानं त्यांचं काम मंदावतं. वडिलांची विडीही त्याच खोलीत. आणि सात माणसांपैकी एक खोकला की सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं.

बघा, मी 'थंडीची हवा' म्हणालो होतो. नुसत्या थंड हवेनं न्यूमोनिया होत नाही. थंडीपावसात माणसं दारं लावून, दाटीवाटीनं, धुरात बसतात, हे खरं कारण. टोपी घाल हा सल्ला वाईट नव्हता, फक्त निरुपयोगी होता.

धुराबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बरीच वर्षं मी सभांमधून सांगत फिरलो की घरात गॅस आला की न्यूमोनिया गेला. उज्ज्वला योजना २०१६ साली आली तेव्हा तर मी फारच जोरात होतो. पुढे भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत गरोदर बायकांना गॅस शेगड्या देऊन त्यांच्या बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. २०२४ साली आलेल्या निष्कर्षात गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक दिसला नाही. वाचून मी खट्टू झालो. धूर निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. शेजारच्या सगळ्या घरांत चुली पेटलेल्या असताना एका घरात गॅस आल्यानं हवा किती बदलणार? आणि गॅसनं बाळाचं वजन थोडंच वाढतं, आई थोडीच शेतावरून लवकर येते! कारणं एकमेकांचा हात धरून येतात. एकीचा हात सोडवला तरी बाकीच्या आत शिरतात.

लसींचंही असंच. त्या बाळाच्या वेळी हिब आणि न्यूमोकोकसच्या लसी सरकारी दवाखान्यात नव्हत्याच. शहरात पैसे मोजून मिळायच्या. हिबची लस पेंटाव्हॅलेंटमधून २०११ पासून टप्प्याटप्प्यानं आली, न्यूमोकोकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं गेली. त्यांतली बहुतेक आपल्यासारख्या देशांतली. जंतू तर सगळ्या जगात तेच आहेत.

आता माझ्या नापास होण्याबद्दल. त्या घटनेनंतर दोनेक वर्षांनी एका प्रशिक्षणात मला कळलं की याच गडचिरोली जिल्ह्यात, माझ्या कितीतरी आधी, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं याच आजारावर काम केलं होतं. १९८८-८९ मध्ये त्यांनी ५८ गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला व साधं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. शेजारच्या ४४ गावांत नेहमीसारखं चालू ठेवलं. ज्या मुलांना असे उपचार मिळाले त्यांच्यात शंभरात एकाहूनही कमी दगावलं. शेजारच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभरातली तेराचौदा जात होती. हा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

ओळखायचं कसं? श्वास मोजून. फुप्फुसातले वायुकोश पाण्यापुवानं भरले की एका श्वासात पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून बाळ भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे धोका. खालची छाती आत ओढली जात असेल तर थांबायचंच नाही. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया.

ते ऐकताना माझे कान तापले. अंक न येणाऱ्या बाईनं जे ओळखलं असतं ते, हातात घड्याळ असलेल्या आणि पाढे शिकवणाऱ्या गुरुजीला ओळखता आलं नव्हतं. नाला दुथडी भरला होता दुसऱ्या दिवशी. मी बघितलं त्या दुपारी सायकल खांद्यावर घेऊन तो ओलांडता येत होता. मी स्वतः त्याच संध्याकाळी तो ओलांडून टपालात पत्र टाकायला गेलो होतो.

ती मुलगी पुढे पुन्हा शाळेत आली. मी तिला काही बोललो नाही. काय बोलणार होतो?

तेव्हापासून मी दरवर्षी पावसाळ्यात एक गृहपाठ देतो, तुमच्यातल्या जुन्या मुलांना माहीत आहे. घरात किंवा शेजारी पाच वर्षांखालचं मूल असेल तर ते शांत असताना, शक्यतो झोपलेलं असताना, अंगावरचं कापड जरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. वर गेलं पोट म्हणजे एक. वहीत तारीख, वय आणि आकडा लिहायचा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही, बाळाचा श्वास तालात चालत नाही.

यंदाच्या वह्या आल्या आहेत. एकानं लिहिलंय, 'आत्याचा मुलगा, वय ७ महिने, रडत होता म्हणून ७०, झोपल्यावर परत मोजले ३८.' शाब्बास. एकीनं लिहिलंय, 'बाळ ५ महिने, ५८, दुसऱ्यांदा ६०. आईला सांगितले. आई म्हणाली सर्दी आहे. मी आशाताईंना बोलावून आणले.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'बाळ दवाखान्यात पाच दिवस होते. आता दूध पिते.'

या वहीला गुण किती द्यायचे ते मी अजून ठरवलेलं नाही.