कबरींच्या शेजारी मस्का-बन

अहमदाबादच्या लाल दरवाजा भागात ‘न्यू लकी’ नावाचे एक हॉटेल आहे. तेथे टेबलांच्या मधोमध कबरी आहेत. देखाव्याच्या नव्हेत, खऱ्या. त्यांच्या शेजारी बसून लोक चहा पितात, मस्का-बन खातात आणि आपापल्या कामाला जातात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याच्या मुलीच्या मंगल परिणयासाठी आम्ही अहमदाबादला जायचे ठरवले, तेव्हा आतेभावाने फोनवरच सांगून टाकले, “दादा, पोरांना लकीचा चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.”

फोन ठेवल्याबरोबर मुलांची आई म्हणाली, “थोरलीला न्या हवे तर. धाकट्याला नको.”

थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेपाच. नको म्हणायला कारण होते. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या मुलाचा वाढदिवस एका ‘भूतबंगला’ थाटाच्या हॉटेलात झाला होता. हल्ली अशी हॉटेले निघाली आहेत. कुठे तुरुंगाचे गज लावून कैद्याच्या कपड्यातले वेटर वाढतात, कुठे भुताचे मुखवटे घालून. जेवण बेताचे आणि बिल मोठे, पण मुलांना आवडते म्हणून आईबाप जातात. तेथे मिणमिणता लाल दिवा, भिंतीवर सांगाडे. केक कापताना दिवे घालवले आणि मुखवटा घातलेला एकजण मागून किंचाळत आला. मोठी मुले खिदळली. धाकटा माझ्या मांडीत शिरला, तो रस्त्यावर येईपर्यंत डोके वर काढीना. त्या दिवसापासून चाळीच्या टोकाच्या संडासाला तो रात्री एकटा जाईना.

आणि मी काय केले? “बौद्धाचा मुलगा तू, भुताला भितोस? भूत-पिशाच काही नसते!” असे चारचौघांत सुनावले. माझे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याचा परिणाम एवढाच झाला, की भीती वाटते हे सांगायचे त्याने बंद केले आणि अंथरूण ओले होऊ लागले. तेव्हा लकीचा प्रश्न आमच्या घरात चहाच्या कपापुरता नव्हता.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आधी बडोद्याला उतरलो. स्टेशनपासून सयाजीबाग जवळच आहे. जुने लोक तिला कमाटी बाग म्हणतात. बागेतच १८९४ सालच्या इमारतीत बडोद्याचे प्रसिद्ध संग्रहालय आहे. तेथे इजिप्तची ममी आहे, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचे माणसाचे प्रेत. मी धाकट्याचा हात घट्ट धरला. तर गडी काचेला नाक लावून विचारतो, “हे झोपलेत का?” मेले आहेत म्हणून सांगितले, तर “बरं” म्हणून पुढे गेला. पण निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा दिसला मात्र, आणि माझा शर्ट धरून मागे लपला. मुलाला कशाची भीती वाटेल याचा आपला अंदाज किती चुकतो पाहा!

मग संकल्पभूमीवर गेलो. याच बागेत १९१७ साली बाबासाहेब एकटे बसले होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला हा तरुण. गावात राहायला कोणी जागा देईना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि त्यांना बाहेर काढले. दुसरीकडे कोठे आसरा मिळेना. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. दरवर्षी २३ सप्टेंबरला आपले लोक तेथे जमतात, ते याच आठवणीसाठी.

वंदन झाल्यावर मी मुलांना ही हकिगत सांगितली. धाकट्याने विचारले, “पप्पा, बाबासाहेब घाबरले होते का?”

“छे, बाबासाहेब कोणाला घाबरतात होय!” हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. धर्मशाळेचा तो मोठा दिवाणखाना अंधारा होता. एक छोटा कंदील, त्याचा उजेड वीतभर. बोलायला माणूस नाही. रात्री वटवाघळे फडफडत आणि त्यांच्या अंगावर काटा येई. हे लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही, मग मी लपवणारा कोण? जसे होते तसे सांगितले.

“मग ते काय करायचे?”

“पुस्तक वाचत बसायचे.”

“वटवाघळं चावली का?”

“नाही. वटवाघळांनी काही केले नाही. काठ्या घेऊन आली ती माणसे.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग वटवाघळं बरी.”

अहमदाबादला आत्याच्या खोलीत रात्री हाच विषय निघाला. आत्या म्हणाली, “मेलेल्यांजवळ बसून कसलं आलंय खाणं!” मग तिला तिच्या बापाची, म्हणजे माझ्या आजोबांची आठवण झाली. “गावात मयत झालं की सांगावा घ्यून त्येलाच धाडायचे. रात नाही, पाऊस नाही, मसणवाटंवरनं एकटा जायचा. सरणाची लाकडं बी आमच्याच लोकांनी न्यायची. तुला भ्या वाटतं का रं, आसं कुणी त्येला इचारलं न्हाई.” गावकीच्या कामात आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या प्रेताच्या आजूबाजूची कामे केली. भीती असली तरी सांगायची कोणाला? आजोबांना मी पाहिले ते म्हातारपणी. ते कशाला भीत नसत, असे मला लहानपणी वाटे. त्या रात्री प्रथमच वाटले, की भीत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतेभावाबरोबर मी एकटाच लकी पाहून आलो. मुलांना कोणत्याही अशा ठिकाणी नेण्याआधी एकाने पाहून यावे, हे मला आता पटले आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळत नाही. ‘कबरींचे हॉटेल’ म्हटल्यावर मी अंधार, धूप, जाळीजळमटे अशी कल्पना केली होती. प्रत्यक्षात भरपूर उजेड, कपबशांचा खणखणाट, कामगार, कॉलेजची मुले आणि म्हातारे यांची गर्दी. कबरी डझनाच्या आसपास असतील. हिरव्या रंगवलेल्या, पोटरीएवढ्या उंच, भोवती लोखंडी कठडे, वर फुले. जुन्या कबरस्तानाबाहेर चहाची टपरी होती, ती वाढत वाढत कबरींच्या भोवती आली, पण कबरी कोणी हलवल्या नाहीत. जेथल्या तेथे ठेवून टेबले मांडली. कोण कोठे निजले आहे हे वेटरना पाठ. हातात चहाचे ट्रे घेऊन न पाहता वळणे घेत जातात. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे चित्र आहे, त्यांनीच हॉटेलला दिलेले. हुसेन मूळचे आपल्या पंढरपूरचे, हे तेथे बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल कोणास ठाऊक.

भूतबंगल्यात खरे काहीच नव्हते, तरी मुलगा घाबरला. कारण तेथे त्याला घाबरवण्यासाठी माणसे पगारावर ठेवली होती. येथे मरण खरे होते, पण घाबरवायला कोणी नव्हते. साडेपाच वर्षांच्या मुलाला मुखवटा आणि चेहरा यांतला फरक अंधारात कळत नाही. थोरलीला कळतो, म्हणून ती तेथे हसली.

मज्झिमनिकायात भयभेरव सुत्त आहे. त्यात तथागत सांगतात, की संबोधीपूर्वी ते मुद्दाम भीतिदायक अरण्यांत रात्री राहिले. हरिण जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा वाजे, आणि वाटे, आले ते भय! चालत असताना भय आले तर चालतच, बसले असताना आले तर बसूनच त्यांनी ते जिंकले. मी हे सुत्त पूर्वी वाचले होते ते ‘भूत नसते’ याचा पुरावा म्हणून. आता लक्षात आले, की भय येते हे तथागतांनी आधी मान्य केले आहे. शिवाय ते तेथे स्वतःहून गेले होते. त्यांना कोणी हाताला धरून ओढत नेले नव्हते.

म्हणून संध्याकाळी धाकट्याला सगळे आधीच सांगितले. तेथे कबरी आहेत, त्यांत मेलेली माणसे पुरली आहेत, कोणी ओरडणार नाही, दिवे जाणार नाहीत. यायचे तर ये, आणि नको वाटले तर आपण दोघे समोरच्या फुटपाथवर भुईमुगाच्या शेंगा खाऊ, त्यात लाज नाही. आणि आलास तर कठड्याला पाय लावायचा नाही. ती कोणाची तरी आजी-आजोबा आहेत. त्याने आईकडे पाहिले आणि “येतो, पण मी कडेला बसणार” म्हणाला.

भिंतीकडेचे टेबल मिळाले. थोरली मुद्दाम कबरीलगतच्या खुर्चीवर बसली. हा दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसला. मस्का-बन आला. लोणी भरपूर. अर्धा बन होईपर्यंत त्याने कबरींकडे पाहिले नाही. मग पाहिले. मग वेटरला हिंदीत विचारले, “इनको चाय देते हो?” वेटर हसून म्हणाला, “फूल देते हैं, बेटा.” हे उत्तर त्याला पसंत पडले असावे, कारण एक पाय खाली आला. दुसरा शेवटपर्यंत वरच होता. मुलांच्या आईने मला डोळ्यांनी खुणावले, की काही बोलू नका. मी बोललो नाही.

बाहेर पडून जवळच्या सिदी सय्यद मशिदीची जाळी पाहिली. १५७३ साली पुरी झालेल्या या मशिदीत दगडात झाडाच्या फांद्या अशा कोरल्या आहेत, की पलीकडचा उजेड पानांतून यावा तसा येतो. तेथे तो माझ्या खांद्यावर झोपून गेला.

मुंबईला परतून आता महिने झाले. संडासाला रात्री तो अजून एकटा जात नाही. मात्र आता मला हलवून उठवतो आणि म्हणतो, “पप्पा, मला भीती वाटते, चला.” मी चपला घालतो आणि जातो. अंथरूण कोरडे असते.